दिग्रसमधलं उलटं गणित

एकट्या माणसाकडे किस्से जास्त साठतात, असं माझं मत आहे. घरी कोणी असलं की त्याच दिवशी संध्याकाळी चहा घेता घेता सांगून मोकळं होता येतं. ऐकणारं कोणी नसलं की तोच किस्सा आपण स्वतःला सांगतो, आणि दर वेळी त्याला जरा जरा धार लावतो. माझ्याकडे दिग्रसचे असे बरेच साठलेत. आज बसलाच आहात तर सांगतो.

आधी माझं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. एमआरआयचं मशीन शरीराचा फोटो काढत नाही. ते शरीरातून येणारे सिग्नल मोजतं, आणि त्या मोजमापांवरून आत काय असेल याचं चित्र गणितानं तयार होतं. वस्तूवरून सावली काढणं सोपं. सावलीवरून वस्तू काढायची, हे उलटं गणित. गेली पंधराएक वर्षं मी तेच करतो. आमच्या कंपनीनं एक सॉफ्टवेअर केलं होतं. ते थोडीच मोजमापं घ्यायचं आणि बाकीचं आधी शिकलेल्या हजारो चित्रांच्या अनुभवावरून भरून काढायचं. त्यामुळे स्कॅन झटपट व्हायचं. ते जुन्या मशीनवर नीट चालतं का, हे तपासायला कोणीतरी खेड्याकडे जायला हवं होतं. बंगळूरच्या ऑफिसात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रशांत, तू तिकडचाच ना?"

मी उमरखेडचा. उमरखेड आणि दिग्रस यांत बरंच अंतर आहे, पण बंगळूरहून ते दिसत नाही. सहा महिन्यांसाठी म्हणून आलो. आई-वडील राहिले नव्हते, लग्न केलं नव्हतं, त्यामुळे परत कधी येणार असं विचारणारं कोणी नव्हतं. सहा महिन्यांचं वर्ष झालं आणि वर्षाची दोन.

*

मी खोली घेतली होती ती शोभाकाकूंकडे. त्या खाली राहायच्या, मी वर. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता जी?"

मी विचार केला, सोपं करून सांगावं. म्हटलं, "काकू, शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला, की आत काय शिजतंय हे तुम्ही ओळखता ना? भांडं तर दिसत नाही. थोडं वासावरून, थोडं त्या घरच्या सवयी माहीत असतात त्यावरून. माझं काम तेच आहे."

काकूंना हे फार आवडलं. रोज संध्याकाळी मी गेटातून आत शिरलो की त्या नाक वर करून सांगायच्या. "पलीकडं आज वांगं हाय. त्या घरी सोमवारी वांगंच असते." एकदा त्यांचा अंदाज साफ चुकला. वांगं नव्हतं, पाटवडी होती. त्या घरी पाहुणे आले होते, ते काकूंना माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आमच्या सॉफ्टवेअरचंही असंच होतं. सवयीवर जास्त भरवसा ठेवला की पाहुणा दिसत नाही."

काकू जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या खोलीचा अंदाज मात्र माहा कधी चुकत नाही."

"काय शिजतं माझ्याकडे?"

"खिचडी."

*

स्कॅन सेंटर बस स्टँडपासून जवळच होतं. तिथं सलीमभाई टेक्निशियन आणि रेखाताई काउंटरवर. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर मानकर मॅडम नागपूरला बसायच्या, त्यांची आमची गाठ फोनवरच.

रोज सकाळी पेशंट यायच्या आधी मशीन तपासावं लागतं. त्यासाठी पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा एक गोळा असतो. तो मशीनमध्ये ठेवायचा आणि चित्र गोल येतं का पाहायचं. सलीमभाईंनी त्या गोळ्याचं नाव जावई ठेवलं होतं, कारण सगळ्यांच्या आधी गादीवर तो झोपायचा आणि आम्ही दोघं त्याची सरबराई करायचो.

एके सकाळी सलीमभाई उशिरा आले, तोवर मी एकट्यानंच गोळ्याचं चित्र काढून पाहत बसलो होतो. त्यांनी दारातून विचारलं, "काय म्हणतात जावईबापू?"

"काही नाही. हलत नाहीत, बोलत नाहीत, काही मागत नाहीत."

सलीमभाई डबा ठेवत म्हणाले, "मग तुमचं दोघांचं जमते सर."

*

बंगळूरशी दर आठवड्याला व्हिडिओवर मीटिंग असायची. आमच्याकडे नेट कधी यायचं, कधी जायचं. एकदा मीटिंग सुरू होऊन दोन मिनिटं झाली असतील, मी कशाला तरी हसलो आणि तेवढ्यात नेट गेलं. मी राउटर बंद करून चालू केला, मोबाईल घेऊन गच्चीवर गेलो, खाली आलो. परत जोडलो तेव्हा मीटिंग संपत आली होती.

आमचे मॅनेजर म्हणत होते, "थँक्स प्रशांत. तू एवढ्या सहज तयार होशील असं वाटलं नव्हतं."

"कशाला तयार?"

तर झालं असं, की त्यांच्या पडद्यावर माझा हसरा चेहरा तसाच गोठून राहिला होता. दिग्रसचा मुक्काम आणखी वर्षभर वाढवायचा का, हा विषय निघाला. प्रत्येक मुद्द्याला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रत्येक वेळी मी हसत होतो.

मी सांगितलं, की अहो, मी तिथं नव्हतोच. नेट गेलं होतं.

मग एकजण म्हणाला, "पण तू नेहमी असाच तर असतोस."

*

आमच्या मशीनवर पाठीचं पूर्ण स्कॅन व्हायला तेव्हा अर्धा तास लागायचा. अर्धा तास त्या बोगद्यात एकट्यानं निपचित पडायचं, कानाशी ठाक ठाक आवाज. माणसं घाबरायची, हलायची, आणि हललं की चित्र बिघडायचं. आमच्या सॉफ्टवेअरनं तेच काम सात-आठ मिनिटांवर आणलं. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू.

जवळच्या तांड्यावरून एक आजीबाई आल्या. पाठ दुखायची. सोबत दोन सुना, मुलगा, नातवंडं, असा सगळा परिवार. सलीमभाई त्यांना याडी म्हणाले, म्हणजे बंजारा बोलीत आई, आणि समजावून आत झोपवलं. बाहेर सगळे काळजीत. धाकटी सून म्हणत होती, "त्या एकल्या कधीच राह्यल्या नाहीत जी. भीती वाटंल त्यायले."

आठ मिनिटांत गादी बाहेर आली. याडी डोळे मिटून पडल्या होत्या. सलीमभाईंनी हळूच हाक मारली. त्यांनी डोळे उघडले आणि छताकडे पाहत राहिल्या.

मी पुढं होऊन म्हटलं, "झालं आजी. पूर्वी अर्धा तास लागायचा. आता आम्ही एवढ्या लवकर करतो."

याडीचा चेहरा पडला. "काहून?" त्या म्हणाल्या. "अंदर कोणी हाका मारत नव्हतं. साठ सालात पहिल्यांदा."

मग सुनांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी सलीमभाईंना विचारलं, "ते पुरानं वालं नाही का आता?"

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी याडीला पुन्हा आत घेतलं आणि जुन्या पद्धतीनं पूर्ण स्कॅन केलं. रेखाताईंनी बाहेर सांगितलं, की डॉक्टरांना तपासणीसाठी दोन्ही लागतात. ते खरंही होतं. चित्र फार सुरेख आलं. याडी तसूभरही हलल्या नव्हत्या.

*

एकदा मशीनची मोठी दुरुस्ती झाली. नंतर कोणा तरी धडधाकट माणसाला आत घालून पाहायचं होतं. मी म्हटलं, मी झोपतो. डोक्याचं स्कॅन करा.

खिशातल्या किल्ल्या, पट्टा, घड्याळ काढून ठेवलं. रेखाताई काउंटरवरून म्हणाल्या, "सोबत कोण हाय?"

"रेखाताई, मी आहे. प्रशांत."

"ते दिसते मले. सोबत कोण हाय? सोबतच्या माणसाशिवाय आत सोडत नाही आपण. तुमच्याच समोर किती जणाले परत पाठवलं मी."

मी म्हटलं, माझ्यासोबत कोणी नाही. इथं कोण असणार? हे मी हसतच म्हटलं, पण म्हटल्यावर ते हसण्यासारखं वाटेना. सलीमभाई उगाच वायर गुंडाळायला लागले.

रेखाताई उठल्या. काउंटरचा ड्रॉवर बंद केला, पदर खोचला आणि स्कॅनच्या खोलीबाहेर नातेवाईक बसतात त्या बाकावर जाऊन बसल्या. रांगेतला एक माणूस म्हणाला, "मॅडम, आमचा नंबर?" त्यांनी तिथूनच उत्तर दिलं. "थांबा जरा. मी पेशंटसोबत हाय."

पाऊण तासानं मी बाहेर आलो तर त्या तशाच बसून होत्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. नातेवाईक विचारतात तशाच हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "काय निघालं?"

मी म्हटलं, "काही नाही निघालं."

"डोक्यात काहीच नाही निघालं?" रेखाताई उठत म्हणाल्या. "बाई, एवढं शिकून."

*

आता रफीकचं सांगतो. हे सांगताना मला अजून हसूही येतं आणि दुसरंही काही येतं.

रफीक आर्णीचा. दुचाकी दुरुस्तीचं दुकान. उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली होती. पाना धरला की सुटायचा. मानेचं स्कॅन सांगितलं होतं. तो एकटाच आला होता, आणि रेखाताई त्या दिवशी रजेवर होत्या म्हणून आत जाऊ शकला. तोवर आमचा नियमच झाला होता, की आधी झटपट स्कॅन करायचं आणि लगेच जुन्या पद्धतीचंही, म्हणजे दोन्ही ताडून पाहता येतात. पण रफीकला बंद जागेत गुदमरायचं. झटपट स्कॅन कसंबसं झालं आणि तो घामानं निथळत उठून बसला. "बस झालं सर. आता नाही जमणार मले." जबरदस्ती कशी करणार? सलीमभाईंनी झटपटचं चित्र नागपूरला पाठवलं आणि रफीक बस पकडायला गेला.

चित्र इतकं स्वच्छ होतं, की पुस्तकात छापावं. मानकर मॅडमनी फोनवर सांगितलं, "काही दिसत नाही. नॉर्मल लिहिते."

मला एक सवय आहे. सॉफ्टवेअरनं चित्र दिलं की मी उलटा हिशोब करून पाहतो. हे चित्र जर खरं असेल, तर मशीननं काय मोजायला हवं होतं? ते काढायचं आणि खऱ्या मोजमापातून वजा करायचं. सगळं ठीक असेल तर मागे नुसती खरखर उरते, रेडिओचं स्टेशन लागलं नाही की येते तशी. त्या खरखरीत काही अर्थ नसावा, एवढीच अट. बंगळूरला कोणी हे पाहत नसे. त्यांचं म्हणणं, चित्र चांगलं आलं, आता उरलेला कचरा कशाला चिवडतोस?

रफीकच्या मानेचा कचरा मी चिवडला. त्या खरखरीत, मणक्याच्या उजव्या बाजूला, वाटाण्याएवढा एक गोल ठिपका होता. मी आकडे बदलून पुन्हा केलं. ठिपका तिथंच. मशीननं तिथं काहीतरी मोजलं होतं. सॉफ्टवेअरनं हजारो मानांमध्ये असलं काही पाहिलं नव्हतं, म्हणून ते पुसून टाकलं होतं.

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "प्रशांत, तुमचं चित्र सुंदर आहे. म्हणूनच मी सही करायला निघाले होते. त्या माणसाला परत आणा."

रफीकचा फोन बंद. मशीनजवळ फोन नेता येत नाही म्हणून बंद केला होता, तो सुरू करायचा राहिला असणार. सलीमभाई दुचाकीवर निघाले. स्टँडवर पोचले तर आर्णीची बस सुटलेली. ते मागे लागले आणि गावाबाहेर कापसाच्या जिनिंगच्या पुढे त्यांनी बस अडवली. कंडक्टर वैतागून म्हणाला, "काय झालं? काही राह्यलं का कोणाचं?"

सलीमभाईंना घाईत दुसरं काही सुचलं नाही. रफीककडे बोट दाखवून म्हणाले, "इनकी गर्दन राह्यली आमच्याकडं."

अख्खी बस रफीकच्या मानेकडे बघायला लागली म्हणे.

तो परत आला खरा, पण अर्धा तास आत झोपायचं म्हटल्यावर तो दारातच थांबला. "सर, मी मरून जाईन आत." मी म्हटलं, मी येतो तुझ्यासोबत. आत कोणी बसायला हरकत नसते, अंगावर लोखंड नसलं म्हणजे झालं. कानात बोळे घातले, स्टूल ओढलं आणि त्याचा पाय घोट्याजवळ धरून बसलो. तो म्हणाला, "हात काढू नका सर." मग आवाज सुरू झाला आणि पुढं बोलायची सोयच राहिली नाही.

त्याचा पाय सुरुवातीला थंडगार होता. थोड्या वेळानं तो गरम झाला, की माझा हात थंड पडला, सांगता येत नाही. किती महिन्यांत मी कुणा माणसाला हात लावला नव्हता, ते मला तिथं बसल्यावर कळलं. ठाक ठाक चाललेलं, आणि मी एका अनोळखी मेकॅनिकचा पाय धरून बसलेलो. आवाज थांबला तरी हात काढायचं माझ्या लक्षात आलं नाही. सलीमभाईंनी माईकवरून सांगितलं, "सर, झालं. सोडा त्याले."

गाठ होती. साधी होती, पण नसेवर बसली होती. आणखी काही महिने तशीच राहिली असती तर हात गेला असता, असं मॅडम म्हणाल्या.

मी बंगळूरला सगळं लिहून पाठवलं आणि म्हटलं, हे सॉफ्टवेअर असं बाजारात नेऊ नका. आधी स्वतःची शंका सांगायला शिकवा त्याला. मॅनेजरांनी विचारलं, "एका केसवरून?"

मी म्हटलं, "माणूस एकच होता."

त्यांनी काम थांबवलं, हे मान्य केलं पाहिजे. पण त्यानंतर मीटिंगचं बोलावणं दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा यायला लागलं आणि पुढं तेही अधूनमधून. मी कधी विचारलं नाही. काही दिवस त्या वेळेला शर्ट बदलून लॅपटॉपसमोर बसायची सवय मात्र सुटत नव्हती.

नागपूरला ऑपरेशन झालं. बऱ्याच दिवसांनी रफीक सेंटरवर आला. उजवा हात पुढं केला, मी हातात हात दिला, आणि त्यानं तो असा आवळला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखलं का सर?"

"दुखलं."

"मग ठीक हाय," रफीक म्हणाला.

*

त्या रिकाम्या दिवसांत मी एक वेगळंच काम करत होतो. सॉफ्टवेअरनं एकच चित्र छातीठोकपणे द्यायचं नाही. मोजमापांत बसतील अशी जितकी चित्रं शक्य आहेत, त्यांतली वेगवेगळी काही काढून समोर ठेवायची. जिथं सगळी चित्रं सारखी, तिथं खात्री. जिथं ती वेगळी, तिथं अंदाज. हे मी मानेच्या चित्रांवर करत होतो, पण पद्धत कशालाही लागू पडते.

रेखाताईंचे मामा, वामनबाबा, उमरखेडकडून आले. जिनिंगमध्ये फिटर होते, आता घरीच असतात. काउंटरवर "जयभीम" करून थेट माझ्या टेबलापाशी आले आणि शर्टाच्या खिशातून एक फोटो काढला. कुणाच्या तरी साखरपुड्याचा, बायाबापड्यांचा घोळका. मागच्या रांगेत एका बाईचा चेहरा पुसटला होता.

"हे आमची घरवाली, कौसल्या. फोटो काढाच्या वक्ती कोणीतरी हाक मारली आन् ती वळली. दुसरा फोटोच नाही तिचा. रेखा म्हणे, तुम्ही हललेलं सरळ करता."

मी त्यांना समोर बसवून नीट सांगितलं. या पुसट डागावरून खरा चेहरा परत मिळत नाही. मशीन फक्त सांगतं, की असा असू शकेल, किंवा असा, किंवा असा. ते चेहरे कुणाचेच नसतात. बाबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "काढा तुम्ही."

मी आठ चेहरे काढले. आठही त्या डागात चपखल बसत होते, आणि आठही वेगळे. कागदावर छापून त्यांच्यापुढे ठेवले, आणि पुन्हा सांगितलं, "बाबा, यातल्या एकही त्या नाहीत. हे अंदाज आहेत."

"हो. सांगतलं ना तुम्ही."

त्यांनी चष्मा लावला. पहिला कागद उचलून बराच वेळ पाहिला. "हे लगन झालं तवाची." दुसरा घेतला. "हे माहेराहून आली तवा. आली की दोन दिवस अशीच राहे." तिसऱ्याला ते जरा हसले. "हे रागातली." मग एकेक कागद घेऊन, पाहून, खाली ठेवत गेले. पोरगं मॅट्रिक पास झालं तेव्हाची. उन्हातून आलेली. दवाखान्यातली, शेवटची. एकीला त्यांनी काही नाव दिलं नाही, नुसतंच अंगठ्यानं गालावरून पुसल्यासारखं केलं. रेखाताई काउंटर सोडून येऊन मागे उभ्या होत्या. सलीमभाईंनी पुढच्या पेशंटला बसायला सांगितलं होतं.

सात कागद बाबांनी जुळवून घेतले, घडी न घालता पिशवीत ठेवले. फोटो पुन्हा खिशात गेला. आठवा कागद त्यांनी दोनदा डोळ्यांजवळ नेला, दोनदा लांब धरला, आणि टेबलावर माझ्याकडे सरकवला.

"हे आमची नाही."

मी म्हटलं, "बाबा, सगळ्या एकाच डागातून निघाल्यात. बाकीच्या सात त्यांच्या, आणि हीच नाही, असं कशावरून म्हणता?"

बाबा उठले. पिशवी काखेत धरली.

"त्या सातही माह्याकडं पाहतात. हे तुमच्याकडं पाहून राह्यली," ते म्हणाले.